तिसरी पिन

माझा धंदा घुं काढायचा. जालन्याच्या मस्तगडात चोवीस वर्षं माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक कुठलंही असो, भजनी मंडळाचं, डीजेवालं, शाळेचं, दारात मशीन टेकवत एकच बोलतं, "भाऊ, घुं येऊन राह्यला, तेवढा काढून द्या." मशीन चालू केली, कुणी बोललं नाही, काही वाजवलं नाही, तरी स्पीकरमधून विजेच्या लाइनचा जो एकसुरी आवाज येत राहतो, तो घुं. कुणालाच तो नको असतो. मी काढून देतो. चिडचिड करतो, गिऱ्हाइकावर ओरडतो, पण काढून देतो. जालन्यात माझं नाव तापट म्हणून आहे आणि कामाचा माणूस म्हणूनही आहे, आणि दोन्हींचा मला गर्व होता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या गर्वानं झालं.

माझा दोस्त कीबोर्ड वाजवायचा. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, देवीचं जागरण, शाळेचं गॅदरिंग, जिथं बोलावतील तिथं. मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, हा जालन्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन बायको-पोरीला घेऊन राहिला. पाच-सहा वर्षांपूर्वी तो आपली वायर दुरुस्तीला घेऊन आला. वायर चालू आहे का बघायला मेकॅनिक काय करतो, तर एक टोक मशीनला लावतो आणि दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या, म्हणजे मशीनमध्ये खुपसायच्या दांडीच्या, टोकावर बोट ठेवतो. वायर चांगली असेल तर स्पीकरमधून घुं येतो. मी बोट ठेवलं, घुं आला, मी म्हणालो, "चालू आहे, घेऊन जा."

तो म्हणाला, "बोट काढू नको."

"का रे?"

"काढू नको म्हणलं ना. ऐक."

आम्ही दोघं स्टुलावर बसून तो आवाज ऐकत राहिलो. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. मला खरंच कळेना की मी इतकी वर्षं जो आवाज मारत आलो, तो एवढा भरलेला आहे, त्याच्या आत इतक्या गोष्टी चालू आहेत. तो सांगू लागला, "गावात गोंधळाला मी मागं उभा राहायचो. पुढचा गाणार, आपण नुसता सूर धरायचा. लोकांना वाटायचं ह्याला काय येत न्हाई म्हणून मागं उभा केला. अरे, मला पुढं जायचंच नव्हतं!"

त्यानंतर दर रविवारी दुपारी शटर अर्धं पाडून आम्ही बसू लागलो. मग तिसऱ्या माणसाची भर पडली. भोकरदनकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम शाळेचा अँप्लिफायर घेऊन आल्या होत्या. आमचा आवाज ऐकून दारातच थांबल्या. पुढच्या रविवारी एसटीनं आल्या त्या स्टीलचे तीन डबे घेऊन. डब्यांत पोळी-भाजी नव्हती, त्यांनी स्वतः जोडलेली सर्किटं होती. झाकणाला बटणं, बटण फिरवलं की सूर वर-खाली. त्यांनीच सांगितलं की जगात लोक असलं संगीत करतात, एकेक सूर तासभर धरून बसतात, आधी काही ठरवत नाहीत, आणि याला ड्रोन म्हणतात.

"लग्नात फोटो काढतं ते?" दोस्तानं विचारलं. मॅडमना हसून हसून उचकी लागली.

आमची रीत सांगतो. आधी मोठा जुना अँप्लिफायर चालू करायचा, भजनी मंडळाचा, मोडीत निघालेला, मी उभा केलेला. मग एकानं जॅक हातात घेऊन बोट टेकवायचं. प्रत्येकाच्या अंगाचा घुं वेगळा येतो. माझा कोरडा, मॅडमचा बारीक, आणि दोस्ताचा सगळ्यात जाड. त्यावर मॅडम डब्याचा सूर अगदी जवळ आणायच्या, पण मिळवायच्या नाहीत, म्हणजे दोन सुरांत हळूहळू लाटा उठायच्या. मग दोस्त डाव्या हातानं कीबोर्डची एक पट्टी दाबून तिथं आगकाडी खुपसायचा, ती पट्टी तशीच वाजत राहायची. आणि मी आवाज घुमवणाऱ्या जुन्या इको मशीनमधून सगळं फिरवून परत सोडायचो. ताल नाही, गाणं नाही. घाई कुणी करायची नाही. शेजारचा रंगाच्या दुकानवाला डोकं आत घालून विचारायचा, "काय भाऊ, पिठाची गिरणी टाकली का?" विचारू दे. आठवडाभर माझं डोकं भणभणलेलं असायचं आणि त्या दोन तासांत मी कुणावर ओरडत नसे. माझ्या आयुष्यात तेवढंच एक सुख होतं, यात काही वाढवून सांगत नाही.

आता पिनीचं.

अँप्लिफायरच्या प्लगला तीन पिना असतात. वरची जाडी पिन अर्थिंगची. आत हिरवी वायर असते, ती मशीनच्या लोखंडी पेटीला जोडलेली, आणि जॅकचं धातूचं अंगही त्याच पेटीला. मशीन आत फुटली आणि करंट पेटीत उतरला, तर तो त्या हिरव्या वायरीतून जमिनीत जातो, मेन स्विच पडतो, माणूस वाचतो. हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं आहे. अर्थिंग काढणाऱ्याला दुकानातून हाकलून दिलं आहे.

आणि एका रविवारी, सगळे यायच्या आधी, मी प्लग उघडून हिरवी वायर सोडवली आणि टोकाला टेप लावला. नुसतं बघायचं म्हणून. दोस्त आला, चपला बाहेर काढल्या, अनवाणी फरशीवर बसला, जॅक मुठीत धरून अंगठा टेकवला, आणि अरे देवा! काय घुं आला! आधीचा त्याच्यापुढं काहीच नव्हता. छातीत बसला. रॅकवरचे स्क्रू थरथरायला लागले.

"काय केलं रे तू?" तो ओरडला.

"माझी ट्रिक आहे," मी म्हणालो. "सांगत नसतो मी."

कारागिराची हौस. त्या दिवसापासून ती वायर सुटलेलीच राहिली. अनवाणी बसलं की सूर आणखी भरतो हे कळलं, तसा मीच नियम केला, चपला बाहेर. पेटीला हात लागला की बोटांना बारीक मुंग्या यायच्या. एकदा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, ह्या मुंग्या बराबर न्हाईत. अर्थिंग आहे ना?" मी त्यांना काय बोललो? "मॅडम, तुम्ही पोरांना शिकवा. मशीन मला शिकवू नका." त्या परत डब्याच्या बटणाला लागल्या. पुढं पुढं तर आम्ही त्या मुंग्यांची वाट बघू लागलो. मुंग्या आल्या की दोस्त मान डोलवायचा, म्हणजे सूर लागला. बाहेरच्या कुणालाही असा झटका बसला असता तर त्यानं मशीन बंद केली असती. आम्ही डोळे मिटायचो.

गेल्या पावसाळ्यात, महिना-दीड महिना ओल मुरल्यावर, फरशीसुद्धा दमट लागायची. त्या रविवारी दोस्तानं भजी आणली होती. खाऊन झाल्यावर तो मागच्या नळावर हात धुऊन आला, पँटीला अर्धेमुर्धे पुसले, बसला, आणि नेहमीसारखा उजव्या मुठीत जॅक धरला.

घुं उठला. त्या दिवशी जो उठला तसा कधीच उठला नव्हता. मी डोळे मिटले. त्यात दोस्ताच्या घशातून आवाज यायला लागला, लांब, एकाच सुरात. मला वाटलं, आज हा गावातल्यासारखा सूर धरून राह्यला. मला आनंद झाला. हे मी कुणापुढं बोललो नाही, आज लिहितो. तीन सेकंद असतील, चार असतील, माझा दोस्त मरत होता आणि मी खुश होतो.

मॅडमचे डोळे उघडे होते. त्यांनी किंचाळून स्टूल लाथाडलं आणि मेन पाडला. मूठ तरीही उघडेना. मी ती उघडली तेव्हा जो वास आला तो अजून माझ्या नाकात आहे.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?" मॅडम फोनवर त्याच्या बायकोला बोलावत होत्या. दोस्त शुद्धीत होता, पण दातखीळ बसल्यासारखा. मी म्हणालो, "हात ओला होता."

खोटं नव्हतं. हात ओला होताच. त्या तीन शब्दांत मी लपलो आणि मग त्यातून बाहेर यायला मला जागाच राहिली नाही.

चौथ्या दिवशी त्याची दोन बोटं काढायची ठरली, उजव्या हाताचं मधलं आणि त्याच्या शेजारचं. सकाळी त्याला आत नेलं. बाहेर बाकावर त्याची बायको, म्हणजे वहिनी, मी आणि वहिनीचा भाऊ. तो वायरमन. तो म्हणाला, "दुपारी दुकानावर येतो भाऊ. नेमकं काय झालं ते बघून घेऊ." मी वहिनीला म्हणालो, "मी जरा जाऊन येतो." ती म्हणाली, "जा भाऊजी, तुम्ही तीन रात्री झोपले न्हाईत." तिला त्या बाकावर सोडून मी दुकानात आलो, शटर आतून ओढलं, आत शॉर्ट होऊन जळालेला ट्रान्सफॉर्मर काढून दुसरा बसवला, प्लग उघडला आणि हिरवी वायर जागेवर जोडली. स्क्रू पिळताना माझा हात हललासुद्धा नाही. कामाचा माणूस ना मी!

दुपारी वहिनीच्या भावानं प्लग उघडून बघितला. "अर्थिंग तर बराबर आहे. दाजीचा हात ओला, पाय उघडे. दुसरं काय असणार?" तेच त्यानं बहिणीला जाऊन सांगितलं.

पुढच्या चार महिन्यांत मी किती वेळा त्यांच्या घरी गेलो याला हिशोब नाही. कधी केळी घेऊन, कधी पोरीसाठी वही घेऊन. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचंच. तिथं काय बघायचो? दोस्त जेवून हात धुवायला गेला की वहिनी टॉवेल घेऊन मागं उभी. त्याचा हात स्वतः पुसायची, बोटांच्या बेचक्यांतून, जिथं बोटं नाहीत तिथूनही, आणि बोलायची, "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला, ओल्या हातानं वायरीला शिवू नका. ऐकलं का कधी माझं?" तो खाली मान घालून म्हणायचा, "चुकलं." आठ वर्षांची पोरगीसुद्धा शिकली होती. त्यानं पंख्याच्या बटणाकडं हात नेला की ओरडायची, "पप्पा, आधी हात पुस!" मी चहाचा कप धरून बसायचो. चहा संपवायचो आणि न सांगताच परत यायचो.

ऑर्केस्ट्रानं दुसरा माणूस घेतला. कीबोर्ड कापडात गुंडाळून कपाटावर गेला. दुकानात कुणी "घुं काढून द्या" म्हणालं की माझे हात थांबायचे. एका गिऱ्हाइकावर मी असा काही ओरडलो की तो मशीन उचलून निघून गेला.

एकदा तर मी भोकरदनची गाडी धरली. मॅडम त्या रविवारनंतर आल्या नव्हत्या. निदान एका माणसाला तरी खरं सांगावं, मग पुढचं पुढं. शाळा सुटली, त्या फाटकाशी आल्या, मला बघून थांबल्या. काही विचारायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, मला एकच सांगा. प्लग बघितला का? अर्थिंग होती?"

एवढं सोपं करून दिलं त्यांनी. नुसती मान हलवायची होती.

"बघितला," मी म्हणालो. "बराबर आहे."

'आहे' म्हणालो, 'होती' नाही. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरं." मी पुढच्या गाडीनं परत आलो. वाटेत खिडकीला डोकं टेकवून रडलो. पन्नाशीतला माणूस, शेजारची बाई सरकून बसली.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी दोस्त आपण होऊन दुकानात आला. उजवा हात खिशात. म्हणाला, "लाव मशीन."

"कशाला?"

"मला भ्या वाटून राह्यलं. घरात बटण दाबायचं तरी छाती धडधडती. एकदा जॅक धरला की जाईल ते. आपला सूर ऐकू दे मला. डावा हात आहे ना अजून."

मी नको म्हणालो, तो ऐकेना. मी फरशीवर रबराची चटई टाकली, त्यानं ती पायानं बाजूला सारली. चपला काढल्या. खिशातून रुमाल काढून डावा हात पुसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला ते बघवेना. मी मशीन चालू केली. त्यानं जॅक उचलला, घाम फुटला होता त्याला, आणि अंगठा टेकवला.

घुं आला. बारीक. तासून ठेवल्यासारखा.

तो ऐकत राहिला. मान डोलली नाही. "हा न्हाई," तो म्हणाला. "आपला जाड होता."

"ट्रान्सफॉर्मर नवा आहे ना," मी म्हणालो.

त्यानं मान तिरकी करून आणखी ऐकलं. माझ्यावर त्याचा इतका विश्वास, की त्यानं लगेच मान्य केलं. "असंल. न्हाईतर माझेच कान बिघडले असतील. झटका डोक्यात गेल्ता ना." मग जॅक खाली ठेवून अगदी हळू म्हणाला, "हात तर गेला. कानपण गेले का रे माझे?"

त्या प्रश्नाला मी हो म्हणू शकलो असतो. हो म्हणालो असतो तर तो तेही कबूल करून घरी गेला असता, जसा ओला हात कबूल केला तसा. मी बोर्डातून प्लग ओढला, पेचकस घेतला, उघडला, हिरवी वायर सोडवली. तो बघत होता. प्लग परत लावला, जॅक माझ्या मुठीत धरला आणि अंगठा टेकवला.

रॅकवरचे स्क्रू थरथरले. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

"हाच!" तो उठून उभा राहिला. चेहरा उजळला होता. "हाच रे! माझे कान बराबर आहेत! हाच तर..."

आणि मग त्याची नजर माझ्या दुसऱ्या हातातल्या पेचकसावर आली, तिथून प्लगवर गेली. मी मशीन बंद केली.

"ही तुझी ट्रिक होती?"

"हो."

"मंग मेव्हण्याला अर्थिंग बराबर कशी दिसली?"

"मी जोडली. तो यायच्या आधी."

"कधी?"

"तू आत होता तेव्हा. बोटं काढायची त्या सकाळी."

त्यानं मला मारावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यानं चपला घातल्या, शटर वर केलं आणि म्हणाला, "चल घरी."

वहिनीनं नेहमीसारखं पाणी दिलं, चहा टाकला. दोस्त मोरीत गेला, हात धुतले, बाहेर आला. ती टॉवेल घेऊन पुढं झाली. त्यानं हात मागं घेतला. "थांब. आधी ह्याचं ऐक."

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, सगळं. पिन, टेप, मॅडमना दिलेलं उत्तर, बाकावरून उठून गेलो ते, आणि ते तीन-चार सेकंदसुद्धा. गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही, चहा उतू गेला. वहिनी टॉवेल धरून ऐकत होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "चार महिने मी ह्यांना बोलले. आणि तुम्ही इथं, ह्याच खुर्चीवर बसून ऐकत होते."

माफी मागायला तोंड उघडलं, तिनं हात वर करून थांबवलं.

दोस्ताच्या दोन्ही हातांतून पाणी गळून फरशीवर थेंब पडत होते. खोलीत धूर झाला होता. तो भिंतीशी गेला आणि त्यानं त्याच ओल्या हातानं, तीन बोटांच्या, पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"पप्पा, हात!" पोरगी ओरडली.

वहिनीनं टॉवेल खुंटीला अडकवला. "राहू दे गं," ती म्हणाली. "पप्पाच्या हातानं काही झालं नव्हतं."